नाजूक हस्ताक्षरी फॉन्ट आणि ‘कोल्हापूर’मधला अर्धा ल

दौतटाक | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, तेव्हा सवडीने वाचा.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत घरीच पत्रिका, लेबलं, छोट्या दुकानांचे लोगो अशी कामं करते. गेल्या काही लग्नसराईंत एक मागणी सारखी येतेय. नवरी मुलगी मोबाईल पुढे करते. त्यावर कुठल्यातरी इंग्रजी पत्रिकेचा फोटो असतो. दोनच नावं, केसाएवढ्या रेघेत लिहिलेली, पहिल्या अक्षराची शेपटी लांबवर वळत गेलेली, भोवती नुसता कोरा कागद. ‘ताई, अशीच पाहिजे. पण मराठीत.’

मला ही मागणी मनापासून पटते. ठसठशीत टायपातलं ‘शुभविवाह’ चारचौघांत उभं राहून बोलतं. बारीक हस्ताक्षर शेजारी बसून सांगतं. कोणीतरी आपलं नाव आठवून, हाताने लिहून हे पाठवलंय, असं पत्रिका उघडणाऱ्याला वाटावं यासाठीच ते अक्षर असतं.

पण इंग्रजीतलं हे वळण आलं टोकदार निबेतून. निब खाली ओढताना दाबली की तिची पाती फाकतात, रेघ जाड होते. वर नेताना दाब सुटला की ती केसासारखी होते. आणि एक अक्षर खाली, ओळीवर संपून तिथूनच पुढच्याला हात देतं. आपली अक्षरं डोक्याशी जोडलेली, शिरोरेघेला टांगलेली. त्यामुळे इंग्रजी फॉन्टचा बारीकपणा आणि तिरकेपणा उचलून देवनागरीवर चढवला तर अक्षर नाजूक होण्याऐवजी अशक्त दिसतं. काने एका बाजूला कललेले, वर शिरोरेघ मात्र पट्टीने मारल्यासारखी. लिहिणाऱ्याचा हात त्यात कुठेच दिसत नाही.

पाच वर्षांपूर्वी असाच एक फॉन्ट मी वापरला. स्क्रीनवर इतका सुरेख दिसला की मीच हरखले. नवरीचं नाव ज्योत्स्ना. खरबरीत पोताचा हातकागद, त्यावर सोनेरी फॉइल. ३०० पत्रिका घरी आल्या तेव्हा ‘त्स्न’ची एकही रेघ सलग नव्हती. शिरोरेघ तीन ठिकाणी तुटलेली, आणि ‘ज्यो’वरची मात्रा जवळजवळ गायब. मुलीच्या वडिलांनी एक शब्दही वावगा काढला नाही. पत्रिका हातात धरून नुसते बघत राहिले. ते मला अजून आठवतं. छापणाऱ्याने काम चोख केलं होतं. ती रेघ त्या कागदावर उमटणं शक्यच नव्हतं, आणि ते छापण्याआधी मला कळायला हवं होतं.

तेव्हापासून नवीन फॉन्ट हाती आला की मी पहिला शब्द टाइप करते तो ‘कोल्हापूर’. गावाच्या प्रेमापोटी तर आहेच, पण त्यात अर्धा ल आहे. आपला मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदीकडचा उजवीकडे काना असलेला. काना असलेल्या अक्षराचं अर्धं करणं सोपं, काना काढला की झालं. पाकळीच्या ल ला ती सोय नाही. दुसरी पाकळी आखडून पुढच्या ह ला अशी टेकवावी लागते की दोन्ही अक्षरं श्वास घेतील. हे ज्याने नीट रेखलंय त्याने मराठी हस्ताक्षर डोळ्यासमोर ठेवून फॉन्ट केलाय, असं मी समजते. त्यानंतर ‘लक्ष्मीपुरी’, ‘पन्हाळा’, ‘विठ्ठल’, ‘हृषीकेश’, ‘श्रद्धा’, ‘ऱ्हस्व’. मग ‘ॲड.’, कारण कोल्हापुरात पत्रिकेवर एक तरी वकील असतोच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं. जुन्या किंवा घाईत केलेल्या फॉन्टात तिथे रिकामा चौकोन येतो.

आता माझा प्रश्न. सध्या हातात एक पत्रिका आहे, पुन्हा तशीच मागणी. असा फॉन्ट तुम्ही कुठे वापरता, कुठे टाळता? छापताना काय सांभाळता? पत्रिकाच नव्हे, इतर कामांबद्दलही लिहा.


खिळेजुळारी | रविवार, रात्री १०.२५

ताई, मी लक्ष्मीपुरीत ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाई यंत्रावर, आणि खिळ्यांच्या खणांपुढं मिळून तेहतीस वर्षं काढली. खिळे जुळवायचो. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून मुलगी वाचून दाखवते आणि मी सांगतो ते लिहून देते.

बारीक अक्षराचं दुखणं आमच्या वेळेलाही होतं. शिशाचा खिळा म्हणजे एकेका अक्षराचा चौकोनी ठोकळा. वेलांटी, रफार, उकार हे त्या ठोकळ्याच्या बाहेर लोंबायचे, शेजारच्या खिळ्याच्या अंगावर. त्यो लोंबता भागच पयला मोडायचा. दोनशे प्रती झाल्या की एखादा रफार गेलाच म्हणून समजा. मग फर्मा, म्हणजे जुळवलेलं पान, थांबवून खिळा बदलायचा. म्हणून नाजूक टाइप मालक कुलुपात ठेवायचा, आणि त्यो फक्त नावालाच वापरायचा. मजकुराला कधीच नाही.

मोठ्या घरची पत्रिका असली तर आम्ही नाव खिळ्यानं जुळवतच नव्हतो. चित्रकाराकडनं काळ्या शाईत लिहून घ्यायचं, त्याचा जस्ताचा ब्लॉक करायचा आणि ब्लॉक फर्म्यात बसवायचा. बाकी मजकूर खिळ्यांचा. दोन नावं लिहायला माणूस एक दिवस घ्यायचा, पण अक्षर त्या नावाचंच असायचं. दुसऱ्या कुठल्या पत्रिकेवर ते दिसायचं नाही.

तुम्ही फॉन्ट का शोधताय? दोनच नावं हायत की. लिहून घ्या.


दौतटाक | रविवार, रात्री १०.५०

काका, तुमचा शेवटचा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला. खरंच, हे मला सुचलं नव्हतं. तुमच्या मुलीलाही धन्यवाद सांगा.


अक्षररांग | सोमवार, सकाळी ८.०५

मूळचा मंगळवार पेठेतला, आता नोकरीनिमित्त पुण्यात. फॉन्टच्या तांत्रिक बाजूवरच माझं काम चालतं, तेव्हा तेवढ्यापुरतं लिहितो.

रेघ टिकेल की तुटेल हे छापायच्या आधी हिशेबाने कळतं. बहुतेक फॉन्ट १००० एककांच्या चौकटीत रेखतात. समजा, तुमच्या नाजूक फॉन्टची सर्वांत बारीक रेघ २० एककांची आहे. तो २४ पॉइंटात (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) लावला तर रेघ ०.४८ पॉइंट, म्हणजे साधारण ०.१७ मिलिमीटर. तोच १० पॉइंटात लावला तर ०.२ पॉइंट, म्हणजे ०.०७ मिलिमीटर. ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरच्या नेहमीच्या छपाईला, पाव पॉइंट ही शेवटची हद्द धरतात, तीही गुळगुळीत कागद आणि एकाच रंगाची शाई असेल तर. फॉइलला आणि स्क्रीन प्रिंटिंगला त्याच्या दुप्पट-तिप्पट हवी. म्हणजे तो फॉन्ट २४ पॉइंटात ऑफसेटला चालेल, फॉइलला काठावर, आणि १० पॉइंटात कुठेच नाही. ताईंच्या ‘ज्योत्स्ना’चं हेच झालं असणार. जोडाक्षरात जागा कमी म्हणून रेखणारा तिथल्या रेघा आणखी बारीक करतो.

रेघ थोडी भरायची असेल तर अक्षरांचे कर्व्ह्ज करून (म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचं चित्र करून) त्याच रंगाची पाव पॉइंटाची आउटलाइन द्या. ती दोन्ही कडांना निम्मी निम्मी पसरते आणि रेघेत एकूण पाव पॉइंटाची भर पडते. पण मग ‘क्ष’, ‘ष्ठ’, ‘द्ध’ यांच्या पोटातली जागा बुजते आहे का ते बघायला हवं.

बारीक अक्षर चार रंगांच्या मिश्रणात कधी छापू नका. चार प्लेटा केसभरही सरकल्या तरी रेघेच्या आजूबाजूला रंगीत सावल्या दिसतात. गडद तपकिरी हवा असेल तर त्याची वेगळी शाई मागा. गडद पार्श्वभूमीवर पांढरं बारीक अक्षरही तसंच धोक्याचं, शाई दोन्हीकडून आत सरकते.

ल आणि श बद्दल. चांगल्या फॉन्टात दोन्ही रूपं असतात, पण न सांगता येतं ते बहुधा हिंदी वळणाचं. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतात. शासनाने मराठीसाठी हीच रूपं धरली आहेत, आणि आपण शाळेत तीच गिरवली. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये इंडिक पर्याय सुरू करून भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर निवडला नाही तर वेलांट्या जागेवर बसत नाहीत. अनेकांना वाटतं फॉन्टच बिघडलाय. फॉन्ट ठीक असतो.

आणि एक विनंती, हात जोडून. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत बारीक मोठ्या अक्षरांना मोकळं अंतर देतात, ती सवय इकडे येते. देवनागरीत त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. हस्ताक्षरी फॉन्टात तर हात उचलून उचलून लिहिल्यासारखं दिसतं.


मोडीवेडी | सोमवार, दुपारी १.३०

ताईंचं ‘डोक्याशी जोडलेली अक्षरं’ हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसले.

वाहतं, नाजूक, हात न उचलता लिहिलेलं अक्षर आपण इंग्रजीकडून उसनं का घ्यावं? आपल्याकडे मोडी होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत दप्तरं, हिशेब, खासगी पत्रं मोडीत लिहिली जात. देवनागरीला ‘बाळबोध’ म्हणत, कारण ती मुलांना समजावी अशी सुटी सुटी, स्वच्छ. मोडी ही कामाच्या माणसाची धावती लिपी.

आता गंमत बघा, तिचा क्रमच उलटा आहे. आपण शब्द लिहून मग त्यावर शिरोरेघ ओढतो. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतो आणि मग अक्षरं त्यांना लटकवत जातो. अक्षराचा शेवट गोल वळून पुन्हा वर येतो, म्हणजे बोरू पुढच्या अक्षराच्या सुरुवातीला आपसूक पोचतो. तुम्ही म्हणता तो ‘पुढच्याला हात देणं’ मोडीत होतंच, फक्त ते रेघेच्या आधाराने वरून होत होतं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तिने सोडून दिला तोही वेगासाठीच.

आपल्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर राज्याची मोडी कागदपत्रं आहेत. मी पहिल्यांदा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर, सोडलेला पाहिला तेव्हा मजकूर वाचताच आला नाही, पण लिहिणाऱ्याचा हात दिसला. कुठे बोरू नव्याने तासला, कुठे शाई संपत आली, कुठे घाई झाली. काही ठिकाणी रेघ इतकी बारीक की कागदाच्या रेषेत मिसळलेली, पण एकदाही अशक्त नाही. कारण बारीक रेघेशेजारी लगेच भरलेली रेघ येते. नुसत्या बारीक रेघेने नाजूकपणा येत नसावा, असं मला तेव्हापासून वाटतं. बारीक आणि भरलेली यांच्या येण्याजाण्यातून तो येतो. हल्लीच्या अनेक फॉन्टांत सगळ्याच रेघा एकसारख्या बारीक असतात. तारेने वाकवल्यासारख्या. त्यात हात नाही.

मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, तिचे फॉन्टही मिळतात. पण पत्रिकेवर मोडी वापरा असं मी म्हणणार नाही, पाहुण्यांना वाचता यायला हवी. मोडीचं वळण देवनागरीत आणता येतं. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून जे काम केलंय ते जरूर पाहा. शिरोरेघ एकदाच लांब ओढा, ती शब्दाच्या पुढे थोडी जाऊ द्या, शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवा. इंग्रजी पत्रिकेतली ती लांब शेपटी तुमच्या नवरीला हवी आहे ना? आपल्याकडे तिची जागा शिरोरेघेत आणि शेवटच्या कान्यात आहे.


चाफेकळी | सोमवार, रात्री ९.४५

मी डिझाइनमधली नाही. शाहूपुरीत माझं साड्यांचं छोटं दुकान आहे. माझीच अडचण मांडते.

दुकानाचा लोगो इंग्रजीत, अगदी तुम्ही म्हणता तशा नाजूक अक्षरांत. पिशवीवर, साडीच्या लेबलवर तो फार छान दिसतो, ग्राहक बायका लेबल जपून ठेवतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर मराठी नाव इतर भाषेपेक्षा लहान नको, हा नियम सगळ्या दुकानांना लागू झाला. पाटी करणाऱ्याने इंग्रजी लोगो तसाच ठेवून खाली मराठी नाव संगणकात जे होतं त्या फॉन्टात टाकलं. आता वरती रेशीम आणि खाली गोणपाट असं दिसतं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. माझं दुकान कोल्हापुरात आहे, नाव मराठीत मोठंच हवं. पण ते मराठीतही तितकंच देखणं असावं, ही इच्छा आहे. काय करावं?


पेंटरचा_नातू | मंगळवार, सकाळी ७.२०

ताई, पाटीपुरतं मी सांगतो. आजोबा पाट्या रंगवायचे, वडीलही. मी फ्लेक्स आणि ॲक्रिलिकमध्ये आलो, पण ब्रश अजून घरात आहे. बाबूराव पेंटरांच्या गावात ब्रश टाकून देणं जमत नाही.

नाजूक अक्षर पाटीवर चालत नाही. मी हे ठामपणे सांगतो. पाटी रस्त्यापलीकडून वाचायची असते, गाडीवरून जाता जाता. महाद्वार रोडवर दिवाळीच्या गर्दीत उभं राहून बघा, कुठल्या पाट्या वाचता येतात ते. बारीक रेघ उन्हात पार्श्वभूमीत विरून जाते, रात्री मागून उजेड आला की उजेड तिला खातो. आणि ती रेघ घडवायची कशी? व्हिनाइलमध्ये कापली तर सोलताना तुटते, चिकटवली तर पहिल्या पावसाळ्यात कडा सुटतात. ॲक्रिलिकमध्ये लेझरने कापली तर वेलांटी उचलताना हातात मोडून येते.

मग करायचं काय? त्याच हाताचं, पण जाड ब्रशने लिहिलेलं अक्षर. आजोबा म्हणायचे, वळण एकच, फक्त कुंचला बदलायचा. लेबलवर बारीक निबेचं ‘चाफेकळी’ आणि पाटीवर त्याच वळणाचं, तीच शेपटी, तोच ळ, पण भरलेल्या रेघेचं. लांबून बघणारा पाटी वाचेल, आत येऊन लेबल हातात घेईल तेव्हा त्याला ओळखीचं वाटेल. त्यासाठी मराठी नाव आधी लिहा आणि इंग्रजी त्याला जुळवून घ्या. उलट केलंत तर मराठी नेहमी उसनंच दिसणार.

खिळेजुळारी काकांच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा. कमल शेडगे यांनी आयुष्यभर नाटकांची नावं हाताने रेखली. नाटक जसं, तसं अक्षर. एकाचं अक्षर दुसऱ्याला लावलंच नाही. दोन-चार शब्दांचं काम असेल तर फॉन्टपेक्षा लिहून घेतलेलं अक्षर केव्हाही वरचढ. फॉन्टाचा उपयोग तेच वळण शंभर ठिकाणी लागणार असेल तिथे.


अक्षररांग | मंगळवार, सकाळी ९.००

नातू, शंभर ठिकाणी लागतं तिथे फॉन्ट, हे अगदी बरोबर. एक भर घालतो. हस्ताक्षरी फॉन्टात सगळ्यात आधी खटकतं ते पुन्हा आलेलं अक्षर. ‘ललिता’मधले दोन्ही ल तंतोतंत सारखे असले की डोळ्याला लगेच कळतं, हे लिहिलेलं नाही, उमटवलेलं आहे. माणसाच्या हातून दोन ल कधीच एकसारखे येत नाहीत. चांगल्या फॉन्टात एकाच अक्षराची दोन-तीन रूपं असतात आणि शेजार बघून ती आलटून पालटून येतात. फॉन्ट विकत घेण्याआधी ‘ललिता’, ‘ममता’, ‘काका’ टाइप करून बघा.

आणि परवाना वाचा, एवढं खरंच करा. ‘मोफत’ लिहिलेले कितीतरी नाजूक फॉन्ट फक्त खासगी वापराला मोफत असतात. पत्रिकेचे पैसे घेतले की तो धंद्याचा वापर. खुल्या परवान्यातले, म्हणजे ओपन फॉन्ट लायसन्सखालचे, बिनधास्त वापरता येतात. त्यात कलम हा पेनाने लिहिल्यासारखा, तीन वजनांत, म्हणजे तीन जाडींत आहे. अमिता थोडा सजलेला, जाड-बारीक रेघांचा. केसाएवढ्या रेघेचे म्हणावेत असे हे नाहीत, पण छापताना टिकतील इतके भक्कम आहेत. बाकी मजकुराला तिरो देवनागरी मराठी लावून बघा. त्यात ल-श आपले आहेत आणि लहान आकारातही जोडाक्षरं स्वच्छ वाचता येतात.


सांजवात | मंगळवार, दुपारी ४.१०

सगळे अक्षर लिहिण्याच्या बाजूने बोलताय, मी वाचणाऱ्याच्या बाजूने लिहिते. मी निवृत्त शिक्षिका, वय ७१, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढायचाय.

गेल्या वैशाखात भाचीच्या नातवाच्या मुंजीचं निमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं. सगळाच मजकूर त्या बारीक अक्षरांत, फिक्या गुलाबी रंगावर सोनेरी. मोठं करून बघितलं तर फोटो फुटला. मुहूर्त ११.०१ की ११.०९ ते शेवटपर्यंत कळलं नाही. फोन करून विचारायचा संकोच वाटला, कारण निमंत्रण तर पोचलं होतं. मी नेमकी उशिरा पोचले. बटूच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहिल्या.

तेव्हा ताई, नावं कशीही लिहा, ती मला पाठ आहेत. तारीख, वेळ, कार्यालयाचं नाव आणि कसं यायचं एवढं मात्र ठळक, काळ्या अक्षरांत असू द्या. आकडे तर हस्ताक्षरी फॉन्टात नकोतच. बारीक लिहिले की १ आणि ९, ४ आणि ५ यांत फरक उरत नाही.


दौतटाक | मंगळवार, रात्री १०.१५

सांजवात मावशी, तुमचं वाचून फार वाईट वाटलं. हातातल्या पत्रिकेचे आकडे मी आजच बदलले. मोबाईलवरच्या पत्रिकेबद्दलही लक्षात ठेवलं. यापुढे ती फोटो म्हणून न पाठवता पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगेन, म्हणजे मोठी केली तरी फुटणार नाही.


साजशृंगार | बुधवार, सकाळी ११.३०

गुजरीत आमचं दागिन्यांचं दुकान. ठुशीच्या आणि कोल्हापुरी साजाच्या डबीवर आतल्या झाकणाला नाजूक हस्ताक्षरात फक्त ‘तुझ्यासाठी’ छापतो. बाहेर दुकानाचं नाव साध्या ठळक अक्षरांत. डबी उघडणारी व्यक्ती एकच असते आणि ती हातभर अंतरावरून वाचते, तिथे हे अक्षर शोभतं. एकदा पावतीपुस्तकावरही तेच लावलं होतं. वजन आणि मजुरीचा रकाना वाचताना गिऱ्हाईक गोंधळायला लागलं, तेव्हा काढलं.


गुऱ्हाळकर | बुधवार, दुपारी २.००

आमच्या गुळाच्या अर्ध्या किलोच्या खोक्यावर मुलाला असंच अक्षर हवं होतं. मी नको म्हणालो. गूळ हा कढईतला, घामाचा जिन्नस, त्याला ऐसपैस अक्षर पाहिजे. तोच गूळ भेट म्हणून छोट्या वड्यांच्या डब्यात घालतो, त्यावर मात्र चिठ्ठी हाताने लिहिल्यासारखी घातली आणि ती शोभली. माल एकच, पण देणारा-घेणारा बदलला.


मोडीवेडी | बुधवार, दुपारी ३.४०

एका वापराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वडिलांच्या वर्षश्राद्धाला आम्ही छोटी स्मरणपत्रिका काढली. वर त्यांचं नाव त्यांच्याच सहीतून मोठं करून घेतलं. सही बँकेच्या जुन्या पासबुकातली, बॉलपेनची, बारीक. मोठी केली तेव्हा ‘श’च्या देठाशी पेन थोडा थांबलेला दिसला, तिथे शाईचा ठिपका. छापणारा तो ठिपका साफ करणार होता. मी करू दिला नाही.


दौतटाक | पुढच्या शनिवारी, संध्याकाळी ६.३०

पत्रिका झाली, म्हणून सविस्तर कळवते.

काकांचा प्रश्न आणि मोडीवेडींचा ठिपका, या दोन गोष्टी डोक्यातून जाईनात. नवरीच्या आईला बोलावलं आणि फॉन्टचा विषयच बाजूला ठेवला. त्यांच्या हातात शाईचं पेन दिलं, एक कोरी वही दिली आणि मुलीचं व जावयाचं नाव लिहा म्हटलं. आधी म्हणाल्या, माझं अक्षर कुठलं चांगलं. मग लिहायला लागल्या. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत अक्षर शाळेतल्यासारखं, जपून. पंधराव्या वेळेनंतर हात सैल झाला. आम्ही एकविसावं निवडलं.

त्यात शिरोरेघ अक्षरांना पूर्ण टेकत नाही. केसभर वर तरंगते आणि शेवटी किंचित खाली येते. अक्षररांगनी सांगितलेला हिशेब करून सगळ्यात बारीक रेघ मी ०.८ पॉइंटापर्यंत भरली, पण तरंगणारी शिरोरेघ तशीच ठेवली. ती सरळ केली असती तर त्यांचा हात गेला असता. लांब शेपटी हवी होती ती शेवटच्या कान्याला दिली, मोडीवेडींनी सांगितली तशीच, पण आईंनीच चार वेळा काढून दाखवलेली. मी माझ्या मनाची एकही रेघ घातली नाही.

नावं फॉइलमध्ये, गुळगुळीत कागदावर. आधी त्याच कागदाच्या चार तुकड्यांवर ठसा मारून बघितला. स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही, हे आता हाडीमाशी मुरलंय. एकच शाई, काळपट तपकिरी. बाकी सगळा मजकूर तिरो देवनागरी मराठीत, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ते ‘अहेर आणू नये’पर्यंत. तारीख, मुहूर्त आणि कार्यालय मोठ्या, १४ पॉइंटात. यादीत दोन ‘ॲड.’ होते, दोन्ही नीट उमटले. आणि पत्त्यात ‘कोल्हापूर’. अर्धा ल ह ला टेकलाय, पाकळी शाबूत आहे.

चाफेकळी ताई, तुमचं नाव मी आणि पेंटरचा_नातू मिळून लिहून बघतोय. पहिल्यांदा ब्रशने, मग निबेने. पुढच्या आठवड्यात दुकानात येऊन दाखवते.


अक्षररांग | शनिवार, संध्याकाळी ७.१०

ताई, एकविसाव्या नावाबरोबर बाकीची वीसही जपून ठेवा. त्या आईंच्या हातचा प्रत्येक ‘ल’ आणि ‘र’ वेगळा असेल. कधी त्यांचा फॉन्ट करायचा ठरलाच तर ती रूपं तिथूनच मिळतील. वही स्कॅन करायची असेल तर ६०० डीपीआयला करा, मी उरलेलं काम बसून करून देईन. पैसे नकोत.


सांजवात | शनिवार, रात्री ८.००

१४ पॉइंट वाचून बरं वाटलं.


खिळेजुळारी | शनिवार, रात्री ८.४०

मुलीनं सगळं वाचून दाखवलं. शिरोरेघ टेकत नाही हे ऐकून आमच्या हिची चिठ्ठी आठवली, तिचीही टेकायची नाही.

ताई, एक पत्रिका बाजूला काढून ठेवा. मी रविवारी रिक्षानं राजारामपुरीत येतो. डोळ्यांनी दिसणार नाही, पण फॉइलचा ठसा बोटाला लागतो. नाव वाचता येतं का बघतो.